मोहल्ला उंच नाही

तपासणीच्या दिवशी आमच्या शाळेत सगळ्या मुलांचे हात वर असायचे. साहेब मागच्या बाकावर, मी फळ्याजवळ, आणि प्रश्न विचारायचा अवकाश की अख्खा वर्ग हात वर करून उतावीळ. साहेब खूश होऊन शेरा लिहायचे. आतली गोष्ट एवढीच, की ज्याला उत्तर येतं त्याने उजवा हात वर करायचा आणि ज्याला येत नाही त्याने डावा. मी फक्त उजव्या हातांना उठवायचो. ही युक्ती माझी नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्या आधीच्या गुरुजींनी प्रयोगशाळेच्या कपाटाच्या किल्ल्यांसोबत ती माझ्या हवाली केली. याला आम्ही 'पाठ बसवणं' म्हणतो, नाटक बसवतात तसं. बाहेरच्यांना हे ऐकून धक्का बसतो. आमच्यातल्या कुणाला बसल्याचं मी पाहिलेलं नाही.

मी गणित आणि विज्ञान शिकवलं, मोताळा तालुक्यातल्या एका खेड्याच्या अनुदानित शाळेत. गावाचं नाव सांगत नाही. ज्यांनी ओळखायचं ते ओळखतील. निवृत्त मास्तर लिहायला बसला की बहुधा गुणवंत विद्यार्थ्यांची यादी काढतो, कोण डॉक्टर झालं, कोण पुण्याला मोठ्या कंपनीत आहे. तशी यादी माझ्याकडेही आहे आणि ती घरच्यांना ऐकवून ऐकवून त्यांचे कान किटले आहेत. इथे मला लिहायचं आहे ते माझ्या सगळ्यात चांगल्या पाठाबद्दल. त्या पाठाचं मला प्रमाणपत्रही मिळालं. ते भिंतीवर लावायची माझी हिंमत झाली नाही.

त्या वर्षी आमचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं, 'समस्याधारित अध्ययन' या विषयावर. नाव जड आहे, गोष्ट साधी आहे. आपण नेहमी आधी सूत्र शिकवतो आणि मग उदाहरणं सोडवून घेतो. इथे उलटं. आधी मुलांच्या रोजच्या जगण्यातला एखादा खरा प्रश्न घ्यायचा. त्याचं उत्तर मास्तरालाही ठाऊक नसलं तरी बिघडत नाही. मुलं अंदाज करतील, चुकतील, मोजायला जातील, आणि मोजताना जे सूत्र अडेल ते तिथेच शिकतील. म्हणजे भूक लागल्यावर जेवायला वाढायचं. आम्ही जन्मभर भुकेआधी भरवत आलो आणि मग पोरांना अपचन झालं म्हणून पोरांनाच बोल लावला.

प्रशिक्षकांनी हे सगळं पडद्यावरून वाचून दाखवलं. खऱ्या आयुष्यातला प्रश्न म्हणून त्यांनी पोहण्याच्या तलावाचं उदाहरण दिलं. आमच्यातल्या निम्म्या मास्तरांनी असा तलाव सिनेमातच पाहिलेला. मी वहीत तलावाची आकृती काढली, लांबी, रुंदी, खोली लिहिली, आणि घरी आलो.

माझ्या वर्गाचा प्रश्न मला शोधावा लागला नाही. नववीला सरावासाठी फळ्यावर नेहमीचं गणित लिहिलं होतं, की एक नळ टाकी चार तासांत भरतो. दुसऱ्या बाकावरून तबस्सुम उठली. रशीद मिस्त्रीची मुलगी. रशीद मिस्त्री म्हणजे आमच्या गावचा गवंडी. गावातल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या. तबस्सुम हुशार होती, पण पहिला नंबर तिचा कधी आला नाही, कारण पटल्याशिवाय तिला काही पाठ होत नसे.

"सर, चार तास नळ येते कोणाच्या घरी?" ती म्हणाली.

वर्ग हसला. मीही हसलो.

"आमच्याकडं त पंधरा मिनिटं येते. अन् धार अशी, का घागर लावा अन् सैपाक करून या."

"काऊन बरं?" मी वर्गालाच विचारलं.

मागून गजानन नावाचा एक पोरगा म्हणाला, "सर, मोहल्ला उंच हाये न. पाणी चढत नाही तिथं."

वर्गाने माना डोलावल्या. मीही डोलावली. ग्रामपंचायत वर्षानुवर्षं हेच सांगत होती. बाजारगल्ली संपली की मुसलमान मोहल्ल्याकडे जाणारा रस्ता चढायला लागतो, हे तर डोळ्यांना दिसतं. पाणी वर चढत नाही हे पाचवीच्या पोरालाही कळतं. त्यामुळे गाव त्या विषयातून मोकळं झालेलं होतं.

तबस्सुम अजून उभीच होती. "चढ हाये, सर. पण तो चढ चढलं का मंग उतार हाये. आमी उतारात राह्यतो."

मी त्या गावात एकवीस वर्षं नोकरी करत होतो. तो चढ चढून पलीकडे मी एकदाही गेलो नव्हतो. पालकांना काम असलं की ते शाळेत येत, ईदेचा डबा मुलं घेऊन येत, मला जायची वेळच आली नव्हती. म्हणजे वेळ आली नव्हती असं मी म्हणतो. विज्ञानाच्या मास्तराने एक गोष्ट न पाहता एकवीस वर्षं खरी मानली होती, आणि ती खोटी असू शकते हे त्याला नववीतल्या मुलीने उभं राहून सांगितलं. मला लाज वाटली, आणि त्या लाजेतूनच मी म्हणालो, चला, मोजू.

तबस्सुम दुसऱ्या दिवशी बापाची लेव्हलची नळी घेऊन आली. प्लॅस्टिकची आरपार दिसणारी लांब नळी, आत पाणी. दोन्ही टोकं कुठेही धरा, दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीला थांबतं. गवंडी यावरच जोतं सपाट करतात. पुस्तकात द्रवाच्या समान पातळीवर अर्ध्या पानाचा धडा आहे आणि मी तो दरवर्षी एका तासात उरकत होतो. आता ती नळी घेऊन पोरं बाजारगल्लीतल्या चौकापासून निघाली. एक टोक एका विजेच्या खांबाला, दुसरं पुढच्या भिंतीला, खडूची खूण, वहीत आकडा, की पुढे सरकायचं. पहिल्या दिवशी सगळं मोजून झालं आणि उत्तर असं काही विचित्र आलं की मोहल्ला विहिरीत आहे की काय असं वाटावं. मी बेरजा तपासत बसलो. तबस्सुमने नळी उन्हात धरली.

"सर, नळीत हवा हाये. बुडबुडा. अब्बा म्हणतात, हवा असली का नळी खोटं बोलते."

पुन्हा मोजलं. दुकानांतून माणसं बाहेर येऊन पाहत होती. एका पालकाने मला रस्त्यातच गाठून विचारलं, "सर, पोरं शिकवून राह्यले का बिगारी कामाले लावून राह्यले?" मी त्यांना म्हणालो, थांबा, तुम्हीच एक टोक धरा. त्यांनी धरलं. पहिल्यांदाच मी तो चढ चढलो आणि पलीकडे उतरलो. मोहल्ल्यातला शेवटचा नळ बाजारगल्लीच्या चौकापेक्षा दीड फूट खाली निघाला. वर नाही, खाली. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा तेच.

मग पाणी का येत नाही? आता वर्गातल्या कुणालाच उत्तर माहीत नव्हतं, मलाही नाही, आणि मास्तरकीच्या सगळ्या वर्षांत एवढा शांत वर्ग मी पाहिलेला नाही. पाइप नाल्यापाशी उघडा पडला होता. तिथे एकातून दोन फुटतात, एक बाजारगल्लीकडे, एक मोहल्ल्याकडे. पोरांनी दोऱ्याने त्यांचा घेर मोजला आणि घेरावरून व्यास काढला. तो 'पाय' नावाचा आकडा त्यांनी पहिल्यांदा कशासाठी तरी वापरला. बाजारगल्लीचा पाइप तीन इंची, मोहल्ल्याचा दीड इंची.

"म्हणजे पाणी निम्मं," गजानन म्हणाला. सगळा वर्ग म्हणाला, निम्मं. मी आलेख कागदावर दोन वर्तुळं काढायला लावली आणि आतले चौकोन मोजायला सांगितले. मोजता मोजता वर्गात कुजबुज सुरू झाली. निम्मं नाही, पाव. व्यास अर्धा झाला की पाइपाचं तोंड पाव होतं. वर्तुळाच्या क्षेत्रफळात त्रिज्येचा वर्ग का येतो हे मी कित्येक वर्षं घशाला कोरड पडेपर्यंत सांगत आलो होतो. त्या दिवशी मला ते सांगावं लागलं नाही, पोरांनी मागून घेतलं. खरं तर बारीक पाइपातून पाणी पावापेक्षाही कमी येतं, पण तो हिशोब पुढच्या इयत्तांचा. मोहल्ल्यात घरंही जास्त होती. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला आठवडा होता, हे मी आजही कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन.

आणि हा नुसता अभ्यास नव्हता. गावात नवीन पाइपलाइनचं काम येणार होतं. मोहल्ल्याला रुंद पाइप टाकायचा की जुनाच ठेवायचा, हे ग्रामसभेत ठरणार होतं. रशीद मिस्त्री शाळेत आला, चप्पल बाहेर काढून वर्गात शिरला, पोरांनी काढलेला नकाशा बराच वेळ पाहत उभा राहिला. मग एवढंच म्हणाला, "सर, हा कागद मले द्या. अर्जाले लावतो." मी नकाशा त्याला दिला. सही मात्र पोरांची होती, माझी नव्हती. त्या वेळी ते लक्षात आलं नाही.

इथवर मी थांबलो असतो तर हा लेख गोड झाला असता.

मुख्याध्यापकांनी वर कळवलं, की आमच्या शाळेत समस्याधारित अध्ययन झालं. वरून पत्र आलं, की पाठाचं चित्रीकरण करायला साहेब येत आहेत, 'अध्ययनाची प्रक्रिया दिसली पाहिजे'. आता पंचाईत अशी, की प्रक्रिया होऊन गेली होती. पोरांना उत्तर माहीत होतं. उत्तर माहीत असलेली पोरं चुकत नाहीत, आणि साहेबांना तर आधी चुकणारी आणि मग शोधणारी पोरं हवी होती. नवीन प्रश्न घेऊन पुन्हा सगळं करायला वेळ नव्हता. मी माझ्या हाताशी असलेलं जुनं शस्त्र काढलं. मी पाठ बसवला.

फरक एवढाच होता, की पूर्वी आम्ही बरोबर उत्तरं बसवायचो, आता चुका बसवल्या. कोणी कोणता अंदाज सांगायचा, कोणी डोकं खाजवायचं, कोणी 'सर, आपण मोजून पाहू या का?' म्हणायचं, सगळं वाटून दिलं. चुकणं सोपं नसतं. गजाननला त्याचंच जुनं वाक्य दिलं तर त्याला हसू आवरेना. दोनदा, तीनदा घेतलं, तो तोंड दाबून खाली बसला. शेवटी मी तबस्सुमला म्हणालो, तू म्हण.

"सर, पण हे खरं नाही न."

"अगं, पुढे मोजल्यावर खरं येणारच आहे. सुरुवातीला कुणाला तरी चुकावं लागतं."

"मंग गजाननले म्हणू द्या. तो खरंच तसा म्हणला होता."

"त्याला हसू येतं. तू नीट म्हणशील."

तिने वाक्य वहीत लिहून घेतलं. मास्तर म्हणतात म्हणजे म्हणायचं, हे तिला घरून शिकवलेलं होतं. आणि मी ज्या मुलीला न पटलेलं पाठ होत नाही म्हणून मनात नावाजत होतो, तिच्याकडून ते वाक्य चार दिवस पाठ करून घेतलं.

पाठ सुरेख झाला. ती उभी राहिली आणि शुद्ध, स्वच्छ मराठीत म्हणाली, "सर, आमचा मोहल्ला उंचावर आहे, म्हणून तिथे पाणी चढत नाही." एक शब्द अडखळला नाही. साहेब मागे मान डोलावत होते. पुढे पोरांनी मोजलं, वर्तुळं काढली, चौकोन मोजले, टाळ्या झाल्या. पूर्ण चित्रीकरण लांबलचक होतं. मोबाइलवर पाठवायला कुणीतरी त्याचे तुकडे केले. गावाच्या ग्रुपवर आला तो पहिला तुकडा.

ग्रामसभेला मी हजर होतो, मागे खांबाजवळ. रशीद मिस्त्रीने अर्ज वाचला, नकाशा दाखवला. सरपंचांनी शांतपणे खिशातून मोबाइल काढला आणि माइकला लावला. तबस्सुमचा आवाज सगळ्या सभेने ऐकला. आमचा मोहल्ला उंचावर आहे.

"मिस्तरी, हे कोण बोलून राह्यलं?" सरपंच म्हणाले. "तुमचीच पोरगी न? शाळेतून शिकून आली, साहेबासमोर सांगून राह्यली. आता आमी कोणाचं ऐकावं?"

लोक हसले. वाईट हेतूने सगळेच हसले नाहीत, पण हसले. कुणीतरी म्हणालं, गवंड्याच्या पोरीले लेव्हल समजत नाही का. रशीद मिस्त्री नकाशाची घडी घालत राहिला. त्याने सभेत माझ्याकडे पाहिलं की नाही हे मला सांगता येणार नाही, कारण मी त्याच्याकडे पाहत नव्हतो.

दोन वाक्यं पुरली असती. ती चूक मी तिला शिकवली, खरं उत्तर त्या नकाशात आहे. पण पहिलं वाक्य म्हणायचं तर पाठ बसवलेला होता हे भरसभेत कबूल करणं आलं, आणि तो पाठ साहेबांच्या शेऱ्यानिशी वर गेलेला. मी खांब सोडला नाही. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना म्हणालो, मी लेखी देतो. ते म्हणाले, "काय लेखी देता, सर? का पाठ खोटा होता म्हणून? मग तुमचंही जाईल, माझंही जाईल, अन् शाळेचं नाव जाईल ते वेगळं." मी लगेच पटवून घेतलं. मग मनाशी ठरवलं, की रशीद मिस्त्री माझ्याकडे मागायला आला तर मात्र लिहून द्यायचं, काय व्हायचं ते होवो. असं ठरवलं की माणसाला फार बरं वाटतं. मी रोज वाट पाहिली. तो आला नाही. तो आला नाही याचा मला आत कुठेतरी आनंद झाला, हेही लिहून टाकतो. मोहल्ल्याचा पाइप दीड इंचीच राहिला.

तो पाठ मात्र जिल्हाभर फिरला. चिखलीकडच्या एका शाळेत मला पाहुणा म्हणून नेलं, तर तिथला एक मुलगा छाती पुढे काढून उभा राहिला आणि म्हणाला, आमचा मोहल्ला उंचावर आहे. त्या गावात नळच नव्हता, हातपंपावर पाणी होतं. मोहल्लाही नव्हता. तिथल्या मास्तरांनी माझा पाठ शब्दशः बसवला होता, चुकांसकट. त्यांना मी काय तोंडाने बोलणार होतो? पद्धत चांगली आहे, हे मी आजही भांडून सांगेन. पण आमच्या हातात कोणतीही चांगली गोष्ट द्या, तपासणीच्या दिवसापर्यंत आम्ही तिचं नाटक करून ठेवतो.

तबस्सुम दहावीलाही माझ्याच वर्गात होती. एक दिवस गैरहजर नाही, एक गृहपाठ अपुरा नाही. फक्त तिने त्यानंतर मला एकही प्रश्न विचारला नाही. मी शिकवायचो, ती लिहून घ्यायची. गणितात तिला चांगले गुण पडले. मी समजून चाललो, की पोरगी मोठी झाली, गंभीर झाली.

मागच्या हिवाळ्यात धामणगाव बढे इथल्या एका खासगी शाळेत विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गेलो होतो. गणिताच्या बाई म्हणून जिने माझ्या हातात गुणपत्रक दिलं ती तबस्सुम. प्रदर्शन आटोपल्यावर शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना दोघंच होतो. मी विचारलं, मोहल्ल्यात पाण्याचं कसं आहे.

"मोहल्ल्यानं मिळून बोअर मारला, सर. उन्हाळ्यात आटते. नळ त तसाच हाये."

मग इतकी वर्षं जे बोललो नव्हतो ते मी बोललो. म्हणालो, "मी वाट पाहत होतो. तुझे अब्बा आले असते तर मी लिहून दिलं असतं."

तिने कप खाली ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं.

"अब्बा निघाले होते, सर. कोरा कागद अन् पेन घेऊन निघाले होते. मीच दारातून वापस आणलं."

"काऊन?"

"तुमी नाही म्हणले असते," ती म्हणाली. "अन् मंग दुसऱ्या दिवशी मले तुमच्याच वर्गात बसा लागलं असतं. गणिताचे दुसरे सर होते कुठं गावात?"